एका लाकडाचे दोन हात

चिलोएच्या आमच्या बेटावर पाद्रे वर्षातून एकदा येत,
मार्चमध्ये, भरतीची वेळ साधून,
होडी लागून पांढरेफटक पडलेले.
लग्नं, बाप्तिस्मे, वर्षभराची पापं
दोन दिवसांत उरकून परत जात.
बाकीचं सगळं वर्ष
देवळाची किल्ली एलेउतेरिओच्या कमरेला.

फिस्काल म्हणतात आमच्याकडे अशा माणसाला.
अंगावर झगा नाही, दीक्षा नाही.
घंटेची दोरी ओढायची, प्रार्थना सांगायची,
मेलेल्याला मातीपर्यंत पोचवायचं.
पाद्रे या शब्दाचा अर्थ बाप.
तो पाद्रे नव्हता.
माझाही कोणी नव्हता.

माझा बाप रामिरो. मी पोटात असताना
मेंढ्या कातरायला पातागोनियात गेला.
लग्न राहूनच गेलं, त्या मार्चला वादळ होतं
आणि होडी आलीच नाही.
पहिल्या वर्षी पैसे आले.
दुसऱ्या वर्षी एक फोटो,
त्यात घोडा नीट दिसत होता.

एलेउतेरिओ आला तो छपराची लाकडी कौलं बदलायला.
छप्पर तीन दिवसांत झालं.
पुढच्या मार्चला पाद्र्यांनी त्याचं आणि आईचं लग्न लावलं,
मी मधे उभी, नाक ओढत.

संध्याकाळच्या प्रार्थनेत
“हे आमच्या” पर्यंत मी सगळ्यांबरोबर असायची.
पुढच्या शब्दाला ओठ मिटून घ्यायची.
सात वर्षांची होते. वाटायचं,
एवढ्या आवाजांत कोणाला कळणार?

त्याला कळलं.
दुसऱ्या दिवसापासून
नेमका त्याच शब्दावर त्याला खोकला येऊ लागला.
मोठा, छातीतून, बाकं हलवणारा खोकला,
आणि त्याच्या आड माझं गप्प राहणं
कोणाला ऐकूच जायचं नाही.
बायका त्याला पाल्याचा काढा आणून द्यायच्या.
तो निमूट प्यायचा.

अकरा वर्षांची असताना रामिरो आला.
चांगला कोट, बुटांना पॉलिश,
माझ्यासाठी आणलेला फ्रॉक दोन मापं लहान.
एलेउतेरिओने चुलीजवळची स्वतःची खुर्ची त्याला दिली
आणि लाकडं रचायला बाहेर गेला.
लाकडं आदल्या दिवशीच रचून झाली होती.
मी खिडकीतून पाहिलं,
तो ढीग उतरवत होता, पुन्हा रचत होता,
पुन्हा उतरवत होता,
रामिरोची होडी सुटेपर्यंत.
मग आत आला, खुर्ची जागेवर सरकवली,
म्हणाला, “जेवलीस का?”

त्याच हिवाळ्यात संत योसेफाच्या मूर्तीचा हात
वाळवीने पोखरून गळून पडला,
त्याने धरलेला बाळ येशूचा हातही.
“जरा तुझा हात दे,” म्हणाला,
आणि सुतळीने माझी बोटं मोजली.
सायप्रसचा एकच तुकडा घेतला.
योसेफाच्या अंगठ्याला टोक नाही,
करवतीने नेलेलं एलेउतेरिओचं नव्हतं, तसंच.

पाद्रे चिडले. मिरवणुकीत बाळ पुढे न्यायचा असतो,
वेगळा, मुलांच्या खांद्यावर. आता सुटणार कसा?
एलेउतेरिओने टोपी काढली,
हातात दोनदा फिरवली.
“नाही सुटणार, पाद्रे.”
शुभवर्तमानात योसेफ एक अक्षर बोलत नाही.
हा तेवढा एक वाक्य जास्त बोलला.

अजूनही दोघांना एकत्रच न्यावं लागतं.
चाराऐवजी सहा खांदे लागतात, चढावर म्हातारे कुरकुरतात.

तो गेला ऑगस्टमध्ये. पाद्रे यायला सात महिने होते.
किल्ली माझ्या कमरेला होती,
म्हणून प्रार्थना मीच सांगितली.
“हे आमच्या,” म्हणाले,
आणि सगळं देऊळ थांबलं,
सवयीने, त्याच्या खोकल्यासाठी.

तेवढ्या जागेत
मी तो शब्द म्हटला.